पंचविसाव्या ओळीपुढचे पान

रेशीमकीटक आयुष्यात एकदाही पाणी पीत नाही. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोष विणायला बसेपर्यंत, म्हणजे साधारण पंचवीस-सव्वीस दिवस, त्याला लागणारे पाणी, प्रथिने, साखर आणि क्षार हे सारे एकाच ठिकाणाहून मिळते, ते म्हणजे तुतीचे पान. गाईचे एका वावरात पोट भरले नाही तर ती बांध ओलांडून दुसरीकडे तोंड घालते. आळी मात्र पुढ्यात टाकलेलेच खाते आणि ते पान जसे असेल तशी होते. म्हणून आळीकडे पाहण्याआधी पानाकडे पाहावे आणि पानाकडे पाहण्याआधी ते ज्या मातीतून आले त्या मातीकडे, असे मी नोकरीभर सांगत आलो. सांगणे सोपे होते. तेच सांगणारा मी एकदा कसा चुकलो, ते आज लिहितो आहे.

रेशीम खात्यात येण्यापूर्वी चार वर्षे मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होतो. पुढे सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात तुतीची लागवड वाढवण्याचे काम माझ्याकडे आले, तरी खडूची सवय गेली नाही. शेतकऱ्याच्या भिंतीवर कोळशाने मी नत्र, स्फुरद, पालाश असे तीन रकाने काढत असे. त्यामुळे पद बदलले तरी नाव 'गुरुजी' हेच राहिले.

पानाची प्रत म्हणजे काय, हे मला सर्वांत नेमके विचारले ते विट्याकडच्या एका गृहस्थांनी. दक्षिणेतल्या एका शहरात सोने गाळण्याचे दुकान वीस-पंचवीस वर्षे चालवून ते गावी परतले होते आणि एकराभर तुती लावून बसले होते. प्रत्येक पान उन्हात धरून, डोळा बारीक करून ते पाहत.

"गुरुजी, ह्या पानाचा टंच किती?" त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले.

टंच म्हणजे सोन्यातला शुद्धतेचा अंश. मी त्यांना समजावून सांगितले, की पानात पाणी किती, प्रथिने किती, साखर किती हे प्रयोगशाळेत काढता येते. पण खरा टंच आळीच काढते आणि ती काढते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

ते हसले. "आवं, मग पुरा दागिना कशाला वितळवताय? आमी कणभर काढतो. तेवढाच आगीत घालतो."

शास्त्राच्या पुस्तकात मी जे वाचले होते ते इतक्या थोडक्यात मला सांगता आले नसते.

आता शालनताईंविषयी. माण तालुक्यात म्हसवडच्या अलीकडे त्यांचे गाव. यजमान पोपटराव मुंबईच्या बाजारात माथाडी कामाला. दोन मुली, एक तिसरीत, एक सहावीत. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत राहायला यावे, असा पोपटरावांचा बरीच वर्षे आग्रह आणि शालनताईंचा तितकाच जुना नकार. अखेर दोघांत एक बोली झाली. ती मला शालनताईंनी पहिल्याच दिवशी, मी भिंतीवर रकाने काढत असताना सांगितली.

"एक वरीस दिलंय मला. वरसात तीन पिकं काढून दावायची. न्हाई जमलं, तर वावर म्हाकूआण्णाच्या मेंढरास्नी सोडायचं आन् पोरींना घिऊन मुंबई धरायची. तवा गुरुजी, तुमी काय ते नीट शिकवा."

पहिले पीक गेले. ते कसे गेले हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. ताईंची दोन वावरे, एक माळाकडचे आणि एक ओढ्याखालचे. आपल्याकडे जमिनीला बळ आणायचे तर वावरात मेंढ्या बसवण्याची रीत आहे. धनगर आपला कळप रात्रीच्या रात्री त्या रानात कोंडतो. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरते. बाजरीला याहून चांगले खत नाही. शेजारचे म्हाकूआण्णा पावसाळ्यात घरी असताना ताईंनी माळाच्या वावरात त्यांची मेंढरे आठ रात्री बसवली. बाजरीला चार रात्री पुरतात. वरून युरियाही टाकला. तुती अशी फुटली की रस्त्याने जाणारा थांबून पाहत असे. पान हाताएवढे, काळपट हिरवे, लुसलुशीत.

मी ते पान हातात घेतले आणि घाबरलो. ते मऊ होते, चुरगाळले तर तळवा ओला होत होता. जमिनीत नत्र फार झाले आणि पालाश कमी पडले की पान असे फुगते. त्यात पाणी भरते, पण अंगाला लागेल असे कमी उरते. हे पान शेवटच्या, पाचव्या अवस्थेतल्या आळीला पोटभर मिळाले तर तिची विष्ठा पातळ होते, आळ्यांखालचा पाल्याचा थर, म्हणजे बिछाना, ओला राहतो आणि मग रोग येतो. तसेच झाले. आळ्या लुळ्या पडल्या, काळ्या झाल्या. ताईंनी आणि मी त्या पाट्या भरभरून खड्ड्यात टाकल्या, वर चुना टाकला. त्यानंतर माळाच्या वावरातले एकही पान आळ्यांच्या शेडमध्ये आणायचे नाही, असा मी दंडक घातला. दुसरे पीक ओढ्याखालच्या वावरावर, मातीची तपासणी करून, मापून खत देऊन घेतले. ते बरे झाले. राहिले तिसरे.

आळ्या लहान असतात तेव्हा त्यांना खास केंद्रात वाढवतात. दुसऱ्या झोपेनंतर त्या शेतकऱ्याकडे येतात. झोप म्हणजे कात टाकण्यासाठी आळी एक-दीड दिवस काही न खाता निश्चल पडते ती वेळ. अशा चार झोपा होतात आणि चौथ्या झोपेतून उठलेली आळी पुढच्या सात-आठ दिवसांत तिच्या आयुष्यातल्या अन्नापैकी बहुतेक सारे खाते. म्हणून तुतीची छाटणी आणि आळ्यांचे आगमन यांचा मेळ घालावा लागतो. त्या सात दिवसांत पान ऐन तयारीचे हवे. आधी कोवळे, नंतर जून.

त्या वेळी माझ्या वहीत सहा गावांचे वेळापत्रक होते. केंद्राची गाडी एकाच फेरीत सहाही गावांना जावी म्हणून मी शालनताईंच्या आळ्या अकरा दिवस पुढे ढकलल्या. त्यांनी दूरध्वनी केला होता.

"गुरुजी, पान जून हुतंय. खालची पानं पिवळी पडाय लागली."

"दहा-बारा दिवसांनी काही बिघडत नाही, ताई," मी म्हणालो.

मार्गशीर्षातल्या थंडीत जून पानावर भुरी येते. ही एक बुरशी आहे. पानाच्या पाठीला पिठासारखे पांढरे ठिपके पडतात, ते पसरतात, मग पान वरून पिवळे होते. या बुरशीने आळीला विषबाधा होत नाही, हे आधी सांगायला हवे. पण बुरशी पानातले पाणी आणि कस स्वतः खाते. आळीला उरते ते चिवट, कोरडे पान. ती ते हुंगते, थोडे कुरतडते आणि मान वळवते. शेडमध्ये आळ्या चौथ्या झोपेला बसल्या त्याच दिवशी ताईंना ओढ्याखालच्या वावरात पांढरे ठिपके दिसले. मी शेंडे सोडून खालची रोगट पाने तोडून पुरायला सांगितले. ते त्यांनी दोन दिवसांत केले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला माझा फोन वाजला.

"गुरुजी," ताईंचा आवाज बदललेला होता. "आळ्या माना वर करत्यात. हिरवं पाणी टाकत्यात तोंडातनं."

मी त्यांना एवढेच सांगितले, की टाकलेल्या फांद्या ताबडतोब काढा, हात धुवा, दुसरे काही टाकू नका. दहिवडीहून मोटारसायकलने निघालो. आळी डोके उचलते, ते गोल फिरवते, ओकते आणि आखडते. ही भुरीची लक्षणे नव्हेत. ती विषाची लक्षणे आहेत.

शेडच्या दारात एक उंचापुरा माणूस उकिडवा बसला होता. पाठीला पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप अजून अडकवलेला. हे शालनताईंचे थोरले भाऊ सर्जेराव. तासगावकडचे चांगले द्राक्षबागायतदार. म्हसवडच्या नाथाच्या रथयात्रेला आले होते. बहिणीकडे आदल्या संध्याकाळी मुक्काम केला होता.

"साहेब, माजीच चूक झाली," ते उठून म्हणाले. "काल मावळतीला पानं उलटी करून बघितली, तर भुरी. आता आमी द्राक्षवाले. आमच्या हिकडं भुरी बघून माणूस जेवत न्हाई. पंप गाडीतच व्हता, पहाटंच मारून घेतलं. म्हटलं, भनीला उठल्यावर दाखवू, बघ तुजं काम करून ठेवलं."

"काय फवारलं?"

"गंधक."

"फक्त गंधक?"

ते पाठीवरच्या पंपाचा पट्टा सोडवू लागले. शेडमधून शालनताई बाहेर आल्या. त्यांच्या हातात मेलेल्या आळ्यांची पाटी होती.

"सांग की दादा. सांग गुरुजींना, काय काय पाजलंस ते."

"आता एकट्या गंधकासाठी पंप कोण जोडतंय, साहेब? थ्रिप्सचं औषध बी घातलं संगं. एका फेरीत दोन कामं. आमची सवयच हाय ती."

द्राक्षबागेत ती शहाणपणाची सवय आहे. पण थ्रिप्सचे, म्हणजे फुलकिड्यांचे, औषध कीटक मारण्यासाठी असते आणि रेशीमआळी हाही कीटकच.

"पानं धुवून घेतली तर?" शालनताईंनी विचारले.

माझ्याआधी सर्जेरावांनीच मान हलवली. "धुवून निघत न्हाई गं शालन. आंतरप्रवाही हाय ते. पानात शिरतंय."

सकाळी सात वाजता ताईंनी शेडजवळच्या ओळींतून पहिल्या फांद्या कापल्या होत्या. पाने ओली होती. त्यांना ते दव वाटले. मांडणीच्या पूर्वेकडच्या कप्प्यांतल्या आळ्या बहुतेक साऱ्या उठल्या होत्या, त्यांना त्यांनी ते पान दिले. तेवढे कप्पे गेले. उरलेल्या आळ्या अजून झोपेतून उठत होत्या.

इथे एक गोष्ट आमच्या बाजूची होती. झोपेतून आळ्या एकदम उठत नाहीत. बहुतेक साऱ्या उठेपर्यंत पहिले जेवण थांबवण्याचा नियमच आहे, नाहीतर पीक पुढेमागे होते. म्हणजे दुपारी बारापर्यंत मला वेळ होता. त्यानंतर मात्र प्रत्येक तास उपासाचा.

"किती ओळी मारल्या?" मी सर्जेरावांना विचारले.

"सोळा. सतराव्याला पेट्रोल संपलं."

"वारा?"

त्यांनी हात वर केला, जणू वारा अजून तिथेच होता. "मावळतीकडं व्हता. म्हंजे... राहिलेल्या वळींकडंच."

वावरात चाळीस ओळी होत्या. सोळा गेल्या. उरलेल्या चोवीसपैकी किती ओळींवर वाऱ्याने तुषार नेले, हे डोळ्यांना दिसत नव्हते. तपासणीसाठी पान पुण्याला पाठवले असते तर उत्तर कोष व्हायच्या वेळी आले असते. मला विट्याचे ते गृहस्थ आठवले.

"ताई, घरात ताटं किती आहेत?"

"जेवायची? धा-बारा असतील."

"सगळी आणा. साबण लावून घासून, कोरडी करून."

सतराव्या, एकोणिसाव्या, एकविसाव्या, तेविसाव्या, पंचविसाव्या, तिसाव्या आणि चाळिसाव्या ओळीतून मी स्वतः, दर ओळीला हात धुऊन, वेगवेगळ्या पिशव्यांत पाने आणली. आठवे ताट माळाच्या वावरातल्या पानांचे. ते ओढ्यापलीकडे आणि वाऱ्याच्या उलट बाजूला असल्याने तिथे औषध पोचणे शक्य नव्हते. प्रत्येक ताटात वीस उठलेल्या आळ्या. ताटांच्या काठावर खडूने आकडे. घराच्या पडवीत ताटे एका ओळीत मांडली, मध्ये हात-हात अंतर. नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती.

सर्जेरावांनी पंप दूर नेऊन ठेवला होता आणि ते ताटांजवळ येऊ लागले.

"तिथंच थांब," ताई म्हणाल्या. "कापडांला औषध हाय तुज्या. आंघोळ कर आदी. ह्यांचं धोतर-बंडी घाल."

"पोपटचं धोतर मला गुडघ्यापातुर यील गं."

"मग गुडघ्यापातुर घाल. कोण बघाय बसलंय तुला?"

पहिला अर्धा तास सगळ्याच ताटांत आळ्या खात होत्या. शांत जागेत आळ्यांचे खाणे ऐकू येते, बारीक, एकसारखे. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांना सांगितले की तीन तास पाहायचे, घाई करायची नाही. मग सतरा आकड्याच्या ताटातली एक आळी थांबली. तिने पुढचा भाग उचलला आणि ती तशीच राहिली.

"बगा," ताई म्हणाल्या.

दहापर्यंत सतराच्या ताटातल्या सर्व आळ्यांनी खाणे सोडले होते. एकोणिसाच्या ताटात निम्म्या ओकल्या. एकविसाच्या ताटात सारे ठीक दिसत होते. साडेदहा झाले, अकरा झाले. मी मनात धरले होते की एकविसाव्या ओळीपासून पुढचे पान वापरता येईल. तसे झाले असते तर गणित जेमतेम जुळत होते. सव्वाअकराला एकविसाच्या ताटातल्या एका आळीने मान वर केली.

"ती नुसती बघती," सर्जेराव लांबून म्हणाले. त्यांनी गुडघ्यापर्यंतचे धोतर नेसले होते. "कवाकवा करत्यात की तशा."

आळी मान फिरवू लागली.

ताईंनी डोळे मिटून घेतले. शेडमधल्या आळ्या बहुतेक साऱ्या उठल्या होत्या आणि मांडणीवर डोकी हलवत अन्न शोधत होत्या. "गुरुजी, एकच हाय. विसात एक. तिथनं द्यायला चालू करू. उपाशी मरत्यात माज्या."

"विसात एक आज," मी म्हणालो. "सात दिवसांत किती? मला माहीत नाही. आणि जे मला माहीत नाही ते तुमच्या आळ्यांना घालणार नाही."

तेविसाचे ताट बारा वाजेपर्यंत निर्दोष राहिले. तरी मी आणखी दोन ओळी सोडून दिल्या. पंचविसाव्या ओळीपुढचे पान घ्यायचे, असे ठरले. पंधरा ओळी. त्या भुरीने पोखरलेल्या आणि अकरा दिवस जून झालेल्या. शेंड्याकडचे चांगले पान वेचून घेतले तरी त्या पाच दिवस पुरल्या असत्या. हवे होते सात-आठ दिवस.

आठव्या ताटातल्या आळ्या इतर सर्वांपेक्षा अधिक आनंदाने खात होत्या. ते माळाच्या वावराचे पान. ज्याने पहिले पीक मारले ते.

कुणीच त्या ताटाचे नाव घेत नव्हते. मी बांधावर उभा राहून हिशेब मांडत होतो. एक पान आळीला अर्धपोटी ठेवणार, दुसरे तिचे पोट बिघडवणार. त्याच वेळी म्हाकूआण्णा आले. सत्तरीचे धनगर. मुले कळप घेऊन चाऱ्यासाठी खाली गेली होती. आण्णा चार लंगड्या मेंढ्या राखत घरी राहिलेले. वावर रिकामे होणार, ही बातमी त्यांच्या कानावर गेली असावी, असे मला आधी वाटले आणि मी जरा रागानेच त्यांच्याकडे पाहिले.

"काय झालं, गुरुजी?"

मी सांगितले. माळाचे पान पाणचट आहे, द्यावे तर पोट बिघडते, हेही सांगितले.

"मग त्यात काय?" आण्णा काठीवर हनुवटी टेकून म्हणाले. "मेंढराचं बी तसंच असतंय. कवळ्या हिरव्यावर उपाशी मेंढरू सोडलं, का पोट फुगून आडवं. आमी पयलं वाळल्यालं चारतो. पोटात बूड भरलं, का मग हिरवं. आन् ते बी कापून, सावलीला मरगळून."

"आळीचे तसे नसते, आण्णा."

"का? तिला पोट न्हाई?"

गावोगावी फिरून मी शेतकऱ्यांना शिकवले होते की कापलेले पान ओल्या गोणपाटाखाली ठेवा, एक थेंबही ओलावा जाऊ देऊ नका. ते योग्य पानाविषयी बरोबर होते. हे पान योग्य नव्हते. त्यात पाणी जास्त होते आणि ते घालवणे हाच उपाय होता. इतकी साधी गोष्ट सुचायला मला मेंढपाळ लागला.

त्या दिवसापासून असा क्रम ठरला. सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणात आधी पंचविसाव्या ओळीपुढचे कोरडे पान. आळ्यांनी ते खाऊन पोटात बूड भरले, की त्यावर माळाचे पान थोडेच, तेही दुपारच्या उन्हात कापून, सावलीत दोन तास पसरून, बोटाला मऊ न लागेपर्यंत सुकवलेले. शेडच्या सगळ्या बाजूंच्या जाळ्या उघड्या. प्रत्येक जेवणाआधी बिछान्यावर चुन्याची फकी. आळ्यांमधली गर्दी कमी. फांद्या वाहायचे काम सर्जेरावांकडे. त्यांची स्वतःची बाग तासगावला मजुरांवर होती. दर दोन तासांनी त्यांचा फोन वाजे आणि ते द्राक्षाला कोणते औषध केव्हा मारायचे ते सांगत. तेवढ्या वेळ ताई त्यांना शेडपासून पन्नास पावले दूर पाठवत.

"आता फोनातनं बी उडतंय काय औषध?" ते म्हणत.

"तुजा भरवसा न्हाई," ताई म्हणत.

चौथ्या दिवशी मधल्या कप्प्यांत काही आळ्या लुळ्या पडलेल्या दिसल्या. तीसेक असतील. ताईंनी त्या वेचून चुन्याच्या डब्यात टाकल्या आणि माझ्याकडे पाहिले. पहिल्या पिकाची सुरुवातही अशीच झाली होती; चौथ्या दिवशी तीस, पाचव्या दिवशी पाटीभर. मी माळाचे पान एका जेवणापुरते पूर्ण बंद केले आणि पुढे दोन तासांऐवजी तीन तास सुकवायला सांगितले. त्या रात्री मी घरी गेलो नाही, शाळेच्या व्हरांड्यात झोपलो. सकाळी ताई शेडच्या दारात उभ्या होत्या.

"आठ," त्या म्हणाल्या. "मोजल्या. आठच."

सातव्या दिवशी आळ्या पिवळसर, आरपार दिसू लागल्या. त्यांनी खाणे सोडले आणि डोकी वर करून त्या हलवू लागल्या. हे डोके हलवणे मात्र कोष विणण्यासाठी जागा शोधण्याचे. तरी मी एकेक कप्पा जवळून पाहून खात्री केली. आम्ही चौघांनी, म्हणजे ताई, सर्जेराव, म्हाकूआण्णा आणि मी, आळ्या उचलून चंद्रिकांवर सोडल्या. चंद्रिका म्हणजे कोष विणण्याची चौकट. आण्णांची बोटे जाड, पण आळीला त्यांच्याइतके हळू आमच्यापैकी कुणीच उचलले नाही.

सहा दिवसांनी कोष काढले. पूर्वेचे कप्पे गेलेले, त्यामुळे पीक पाऊण. कोषांची साल मला हवी होती त्याहून पातळ. भुरीच्या पानाने आपला वाटा घेतला होता. तरी ते विकाऊ, स्वच्छ, पांढरे कोष होते. पडवीत त्यांचा ढीग होता आणि ताई एकेका कोषावरची लव काढत बसल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. पोपटरावांचा. ताईंनी तो कानाशी धरला नाही, समोर ठेवून बोलत राहिल्या, हात चालूच.

"झालं का काय?" पोपटराव विचारत होते. "कवा निघताय मग? खोलीला रंग देऊन घेतो."

"रंग नका देऊ. पाऊण पीक हाय. तीन झाली. एक गेलं, एक बरं झालं, एक पाऊण."

"म्हंजे जमलं का न्हाई जमलं?"

"तुमीच येऊन बगा. पंधरा दिसांनी छाटणी हाय. आठ दिस सुट्टी काढून या. माणूस लागतंय मला."

पलीकडे बाजाराच्या गलक्यात पोपटराव कुणाला तरी सुट्टीचे विचारत होते. मग पोपटराव म्हणाले, "आठ दिस न्हाई मिळायची. पाच काढतो."

फोन बंद झाला. मला वाटले, आता बोलले पाहिजे. मी सांगितले, की सर्जेरावांची चूक नंतरची आहे. आळ्या वेळेवर आल्या असत्या तर पान जून झाले नसते. खालच्या पानांवर भुरी इतकी पसरली नसती, त्यांना पंप काढावासा वाटला नसता. अकरा दिवस मी घेतले, गाडीची एक फेरी वाचावी म्हणून. ताईंनी मला तेव्हाच सांगितले होते आणि मी ऐकले नाही.

ताईंचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय ते," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी ठावं व्हतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"त्या दिशी बोलले असते, तर तुमी ताटं सोडून माजी समजूत घालत बसला असता. मला तुमचं ध्यान ताटांवर पायजे व्हतं." त्यांनी एक कोष उचलून हलवला. आतला किडा वाजला की कोष तयार, हे मीच त्यांना शिकवले होते. "आता पुढची छाटणी पंधरा दिसांनी. आळ्या कवा आणायच्या ते पान बगून मी सांगन. बाकीच्या पाच गावांचं तुमी बगा. जमतंय का, ते आत्ताच सांगा."

"जमेल," मी म्हणालो.